आत घेतलेली ओळ : स्प्रेडशीट आणि मॅक्रो यांच्या लेखनातील एका चिन्हाची चिकित्सा

१

स्प्रेडशीटमध्ये तक्ता मांडताना किंवा मॅक्रोची आज्ञावली लिहिताना काही ओळी डाव्या कडेपासून थोड्या आत घ्याव्यात, म्हणजे वाचणाऱ्यास सोयीचे होते, असा उपदेश या विषयावरील बहुतेक प्राथमिक पुस्तकांत आढळतो. संगणकाच्या व्यवहारात या रीतीला ‘इंडेंट करणे’ म्हणतात. या उपदेशामागे एक गृहीतक असते. ते असे की, इंडेंट ही सुवाच्य हस्ताक्षरासारखी किंवा कागदावर सोडलेल्या समासासारखी गोष्ट आहे. ती असली तर बरे, नसली तरी मजकुराच्या अर्थाला बाध येत नाही. हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ओळ आत घेणे ही केवळ शोभा नव्हे, ते एक विधान आहे. ‘ही ओळ वरच्या ओळीच्या कक्षेत आहे’ असे ते विधान असते आणि कोणत्याही विधानाप्रमाणे ते खरे असू शकते किंवा खोटे. स्प्रेडशीटचा सेल आणि मॅक्रोची आज्ञावली या दोन्ही ठिकाणी यंत्र हे विधान ऐकतच नाही. ऐकतो तो केवळ मनुष्य. यामुळे त्याच्या खरेपणाची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. म्हणून वाचनसुलभतेचा प्रश्न खरेपणाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. जे खोटे विधान अधिक सहज वाचता येते, ते अधिक घातक असते.

भाषाशास्त्राच्या विभागाने या विषयाकडे लक्ष का द्यावे, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर आपल्या प्रबंधांतच आहे. शब्दांची वारंवारिता, बोलींतील रूपभेदांच्या नोंदी, वाक्यप्रकारांची मोजणी ही सारी सामग्री आज स्प्रेडशीटमध्ये साठवली जाते आणि तिच्यावरील मोजणीचे काम अनेकदा विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली किंवा कोणाकडून मिळवलेली मॅक्रो करते. प्रबंधात छापला जातो तो अखेरचा तक्ता. त्याच्या मागचे लेखन परीक्षक क्वचितच पाहतो. त्या लेखनातील एखादे चिन्ह खोटे बोलत असेल, तर निष्कर्षही खोटा ठरतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही.

२

प्रथम या चिन्हाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. आपल्या जुन्या व नव्या हिशेबी तक्त्यांत ‘पैकी’ हा शब्द येतो. एकूण खर्चाचा आकडा दिल्यावर खाली ‘पैकी वेतन’, ‘पैकी प्रवास’ असे लिहिले की पुढचे आकडे वरच्या आकड्याचे अंश आहेत, त्यात भर घालणारे नव्हेत, हे वाचकास कळते. तक्त्यात आत घेतलेली ओळ म्हणजे न उच्चारलेला ‘पैकी’ होय. शब्दाचे काम जागेवर सोपवले आहे, इतकाच फरक.

आज्ञावलीत तेच चिन्ह निराळ्या अर्थाने येते. तेथे आत घेतलेल्या ओळींचा वरच्या ओळीशी असलेला संबंध अंश आणि पूर्ण यांचा नसतो, तर अट आणि तिच्या कक्षेतील कृती यांचा, किंवा आवर्तन आणि आवर्तित होणारी कृती यांचा असतो. तेथे आत घेतलेली ओळ म्हणजे न उच्चारलेला ‘तर’ किंवा ‘तोपर्यंत’. एकाच चिन्हाला दोन क्षेत्रांत दोन अर्थ असावेत, यात भाषाभ्यासकाला नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु व्यवहारात याहूनही अधिक अर्थ त्यात मिसळतात. कोणी लांब शीर्षकाचा उरलेला भाग दुसऱ्या सेलमध्ये आत घेऊन लिहितो, कोणी टीप आत घेतो, तर कोणी एखादी ओळ कमी महत्त्वाची आहे हे सुचवण्यासाठी आत घेतो. मग ‘पैकी’ कोठे वाचायचा आणि कोठे नाही, हे वाचकाने संदर्भाने ठरवायचे असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इंडेंट हे स्वयंपूर्ण चिन्ह नाही. आत घेतलेली ओळ एकटी काढून दाखवली, तर ती कशाच्या कक्षेत आहे हे सांगता येत नाही. ‘माझ्या वर, माझ्याहून कमी आत असलेली जी सर्वांत जवळची ओळ आहे, तिची मी आहे’ एवढेच ती सांगते. म्हणजे तिचे वर्तन सर्वनामासारखे आहे. ‘त्याचे’ या शब्दाचा अर्थ मागील वाक्यावर अवलंबून असतो. वाक्यांचा क्रम बदलला की ‘त्याचे’ भलत्याच नामाकडे बोट दाखवू लागते. इंडेंटचेही तसेच. ओळींचा क्रम स्थिर आहे तोपर्यंतच ते अर्थपूर्ण असते. आज्ञावलीत हा क्रम सहसा स्थिर राहतो. स्प्रेडशीट मात्र क्रम बदलण्याचेच साधन आहे. एका बटणासरशी सर्व ओळी अकारविल्हे लावता येतात. ज्या लेखनपद्धतीत क्रम केव्हाही बदलू शकतो, तेथे क्रमावर अवलंबून असलेल्या चिन्हावर वर्गीकरणाचा सारा भार टाकणे हे मूलतःच धोक्याचे आहे.

३

आता सेलकडे वळू. एक्सेलमध्ये मजकूर आत घेण्याच्या तीन रीती प्रचारात आहेत आणि दिसण्यात त्या जवळजवळ सारख्याच आहेत. तत्त्वतः मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे.

पहिली रीत म्हणजे मजकुराच्या आधी स्पेसची कळ दाबून मोकळ्या जागा सोडणे. येथे इंडेंट हा मजकुराचाच भाग होतो. ‘विशेषनाम’ आणि चार जागा सोडून लिहिलेले ‘विशेषनाम’ ही यंत्राच्या दृष्टीने दोन भिन्न मूल्ये आहेत. ‘व्हीलुकअप’ने अचूक जुळणी मागितली तर ती जुळत नाहीत, ‘काउंटइफ’ त्यांना एकत्र मोजत नाही आणि अकारविल्हे लावताना मोकळ्या जागेने सुरू होणाऱ्या नोंदी अक्षरांच्या आधी गोळा होतात.

दुसरी रीत म्हणजे सेलच्या मांडणीत इंडेंटची पातळी वाढवणे. यासाठी पट्टीवर बटण आहे आणि मॅक्रोतून ‘इंडेंटलेव्हल’ या गुणधर्माने तेच करता येते. येथे मजकूर अबाधित राहतो, फक्त त्याचे दर्शन बदलते. शोध, मोजणी, जुळणी यांना काहीही बाध येत नाही.

तिसरी रीत म्हणजे ओळींचे गट करणे. यात एक्सेल आठ पातळ्यांपर्यंतची उतरंड समजून घेते आणि गट उघडता किंवा मिटता येतो. येथे इंडेंट लेबलात दिसत नाही, कडेच्या चिन्हांत दिसते. मात्र अंश आणि पूर्ण यांचा संबंध काही मर्यादेपर्यंत यंत्रालाही कळलेला असतो.

पहिल्या रीतीने काय घडू शकते याचा अनुभव मला काही वर्षांपूर्वी आला. एका विद्यार्थ्याने शब्दजातींचा गोषवारा केला होता. त्यात ‘नाम’ खाली ‘सामान्यनाम’, ‘विशेषनाम’, ‘भाववाचक नाम’ हे पोटप्रकार चार-चार जागा सोडून लिहिले होते. तक्ता देखणा होता आणि मीच त्याची वाखाणणी केली होती. पुढे मूळ नोंदींच्या पत्रकात प्रत्येक शब्दासमोर प्रकाराचे नाव भरताना काही नावे त्याने गोषवाऱ्यातून उचलून चिकटवली, तर काही हाताने टंकित केली. चिकटवलेल्या नावांबरोबर चार जागाही गेल्या. टंकित केलेल्या नावांना त्या नव्हत्या. गोषवाऱ्यातील मोजणीने केवळ पहिल्या गटातील शब्द मोजले. उत्तर शून्य आले असते तर चूक तत्काळ उघडकीस आली असती. ते शून्य आले नाही, कमी आले, आणि कमी आलेला आकडा संभाव्य वाटण्याइतका मोठा होता. त्यावर विशेषनामांच्या अल्पत्वाविषयी एक परिच्छेदही लिहून झाला होता. बेरीज मूळ शब्दसंख्येशी ताडून पाहण्याची वेळ आली, तेव्हा हा घोटाळा सापडला. त्या परिच्छेदावर माझीही पसंतीची खूण होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

यावर ‘ट्रिम’ हा उपाय सुचवला जातो. तो मजकुराच्या आधीच्या व नंतरच्या साध्या मोकळ्या जागा काढतो, परंतु वेबपृष्ठांवरून उचललेल्या मजकुराबरोबर येणारी अखंड मोकळी जागा काढत नाही. ती डोळ्यांना तशीच दिसते, तिचा क्रमांक मात्र निराळा, म्हणजे १६० असतो; साध्या स्पेसचा ३२ असतो. दिसण्यात अभेद आणि अस्तित्वात भेद अशी ही स्थिती समोच्चारित शब्दांची आठवण करून देते, पण येथे संदर्भाने अर्थ लावणारा श्रोता नाही.

मग दुसरी रीत निर्दोष मानावी काय? मजकूर शुद्ध ठेवते एवढ्यापुरती ती निश्चितच श्रेयस्कर आहे. पण तिला दुसरी उणीव आहे. पत्रक सीएसव्ही या साध्या स्वरूपात जतन केले की सेलची मांडणी गळून पडते, केवळ मूल्ये उरतात. मोकळ्या जागा मूल्याचाच भाग असल्यामुळे त्या टिकतात. म्हणजे जे इंडेंट शब्दाला बिघडवते ते प्रवासात टिकते आणि जे शब्दाला जपते ते टिकत नाही. सांख्यिकीच्या दुसऱ्या साधनात नेण्यासाठी आपण पत्रके याच स्वरूपात बदलतो, हे ध्यानात घेता ही उणीव क्षुल्लक नाही. गटांचीही तीच गत होते.

यंत्र ‘पैकी’ ऐकत नाही याचा दुसरा परिणाम बेरजेत दिसतो. ‘नाम’ या ओळीत एकूण संख्या आणि खाली आत घेतलेल्या ओळींत पोटप्रकारांच्या संख्या असतील, तर संपूर्ण स्तंभाला ‘सम’ लावल्यावर नामे दोनदा मोजली जातात. डोळा ज्याला अंश म्हणून वाचतो, त्याला यंत्र स्वतंत्र संख्या म्हणून वाचते. ‘सबटोटल’ हे फंक्शन आपल्या कक्षेतील इतर ‘सबटोटल’ वगळते, म्हणून पोटबेरजा त्याने केल्या तर हा दोष टळतो. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, उपाय इंडेंटमध्ये नाही. अंशपूर्णसंबंध सूत्राच्या भाषेत पुन्हा सांगण्यात आहे.

सूत्राचाच प्रश्न निघाला म्हणून एक गोष्ट नोंदवतो. लांब सूत्र सुबोध व्हावे म्हणून ते अनेक ओळींत मोडून, मोकळ्या जागा सोडून लिहिता येते आणि बहुतेक ठिकाणी त्या जागांना अर्थ नसतो. परंतु दोन क्षेत्रांच्या मध्ये आलेली मोकळी जागा ही एक्सेलमध्ये एक क्रिया आहे. ती दोहोंचा समाईक भाग काढते. ‘बी२:डी६’ आणि ‘सी४:एफ४’ यांच्यामध्ये फक्त जागा सोडली, तर ‘सी४:डी४’ एवढाच भाग उरतो. स्वल्पविराम विसरला गेला तर समाईक भाग नसताना यंत्र ‘नल’ ही चूक दाखवते, पण समाईक भाग असला की मुकाट्याने निराळे उत्तर देते. ‘मोकळी जागा म्हणजे काही नाही’ हे विधान स्प्रेडशीटपुरतेसुद्धा सर्वस्वी खरे नाही.

४

मॅक्रोच्या लेखनाकडे येताना थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. छिद्रित पत्रांच्या काळात आडव्या जागेला यंत्राच्या दृष्टीने अर्थ होता. १९५७ च्या फोर्ट्रानमध्ये पहिल्या पाच स्तंभांत विधानाचा क्रमांक, सहाव्यात पुढे चालू असल्याची खूण आणि सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत विधान, अशी वाटणी होती. १९६० च्या अल्गोलच्या अहवालाने कक्षेच्या प्रारंभाला आणि शेवटाला शब्द दिले आणि जागा अर्थमुक्त झाली. इंडेंटची प्रथा ही या मुक्ततेचे अपत्य आहे. यंत्राने सोडून दिलेली जागा माणसाने आपल्यासाठी वापरावयास घेतली.

एक्सेलमध्ये १९९२ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत मॅक्रो ही सेलमध्येच, एकाखाली एक लिहिली जात असे; म्हणजे सेल आणि आज्ञावली यांची लेखनभूमी एकच होती. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीपासून व्हीबीए आली आणि आज्ञावलीला स्वतंत्र पान मिळाले. व्हीबीए ही अल्गोलच्या परंपरेतील भाषा आहे. ‘इफ’ची कक्षा ‘एंड इफ’ने, ‘फॉर’ची ‘नेक्स्ट’ने, ‘विथ’ची ‘एंड विथ’ने संपते. ओळ कितीही आत किंवा बाहेर असो, यंत्राला त्याचे काही नाही. व्हीबीएचा संपादक ओळ पूर्ण होताच आज्ञाशब्दांची अक्षरे आणि चिन्हांभोवतीच्या जागा नीट करतो, परंतु ओळीच्या आरंभीच्या जागेला हात लावत नाही. मागील ओळ जितकी आत होती तितकी पुढील ओळ सुरू करून देण्यापलीकडे तो मदत करत नाही. सारे आज्ञापत्र रचनेनुसार आपोआप आत-बाहेर करणारी सोय त्यात मुळात नाही. ‘स्मार्ट इंडेंटर’सारखी साधने इतरांनी पुरवली.

अर्थात व्हीबीएतील इंडेंट ही पुनरुक्ती आहे. जे ‘एंड इफ’ने सांगून झाले तेच जागा पुन्हा सांगते. पण पुनरुक्ती हा भाषेतील दोष नव्हे. ‘ती लहान मुलगी आली’ या वाक्यात स्त्रीलिंग ‘ती’मध्ये आहे, ‘मुलगी’त आहे आणि ‘आली’तही आहे. गोंगाटात एक शब्द ऐकू आला नाही तरी अर्थ निभावतो, तो या पुनरुक्तीमुळे. एकाखाली एक आलेल्या चार ‘एंड इफ’पैकी कोणता कोणाचा, हे इंडेंटवाचून ओळखणे कष्टाचे असते, म्हणून ती पुनरुक्ती उपकारकच आहे. परंतु भाषेतील अन्वयाला एक रक्षक असतो. कोणी ‘ती मुलगी आला’ म्हणाले तर श्रोत्याचा कान तत्काळ खटकतो. व्हीबीएतील इंडेंटला असा कान नाही. अन्वय बिघडला तरी यंत्र तक्रार करत नाही आणि वाचणारा मनुष्य बिघडलेला अन्वयच खरा मानून पुढे जातो.

उदाहरण देतो. मूळ आज्ञाशब्द इंग्रजी असतात. येथे ते मराठीत मांडले आहेत.

जर प्रत्यय = "ने" तर _
    विभक्ती = "तृतीया"
    मोजणी = मोजणी + १

पहिल्या ओळीच्या शेवटची अधोरेषा ‘हे विधान पुढील ओळीत चालू आहे’ असे सांगते. म्हणून यंत्राच्या दृष्टीने पहिल्या दोन ओळी मिळून एकच एकओळी ‘जर’ विधान झाले आणि ते तेथेच संपले. त्याला समाप्तीचा शब्द लागत नाही. तिसरी ओळ अटीच्या कक्षेबाहेर आहे. वाचक मात्र दोन्ही ओळी सारख्याच आत पाहून दोन्ही अटीखाली आहेत असे समजतो. परिणामी विभक्तीचे नाव योग्य शब्दालाच पडते, पण मोजणी प्रत्येक शब्दागणिक वाढत जाते. यंत्र काहीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या व्याकरणानुसार चूक झालेलीच नाही. अधोरेषा काढून शेवटी समाप्तीचा शब्द घातला असता, तर तेच इंडेंट खरे ठरले असते.

५

हे उदाहरण केवळ वर्गातले आहे असे कोणास वाटेल, म्हणून प्रसिद्ध प्रकरणाचा उल्लेख करतो. अॅपलच्या आज्ञाप्रणालीत सुरक्षित जोडणीसाठी समोरच्या संगणकाची सही तपासणारा एक भाग सी भाषेत लिहिलेला होता. त्यात एका अटीखाली ‘चूक झाल्यास येथून बाहेर जा’ अशा अर्थाची ओळ लागोपाठ दोनदा आली होती, आणि दोन्ही ओळी सारख्याच आत होत्या. महिरपी कंस नसल्यामुळे पहिली तेवढी अटीखाली होती. दुसरी बिनशर्त अमलात येत होती आणि सहीची खरी तपासणी होण्याआधीच काम आटोपत होते. ही उणीव दूर करणारी सुधारणा अॅपलने फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसृत केली. येथे न्याय्य विधान करावयाचे तर, दोषाचे मूळ दुबार आलेली ओळ हे होते. इंडेंटने तो दोष निर्माण केला नाही. पण दोष झाकला तो इंडेंटने. ती ओळ कडेला असती, तर वाचणाऱ्याचा डोळा तेथे अडखळला असता.

या प्रश्नाला दोन निराळी उत्तरे दिली गेली आहेत. पहिले पीटर लँडिन यांचे. त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात, ओळीची जागा हीच कक्षेची खूण मानणारा नियम मांडला आणि त्याला फुटबॉलमधील ‘ऑफसाइड’चे नाव दिले. १९९१ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या पायथन भाषेने हेच तत्त्व रूढ केले. येथे पुनरुक्ती काढून टाकली आहे. समाप्तीचा शब्द नाही. जागा हेच एकमेव चिन्ह. म्हणून माणूस आणि यंत्र यांचे वाचन भिन्न होण्याचा प्रसंग सहसा येत नाही. दुसरे उत्तर सी भाषेच्या जीसीसी या अनुवादकाच्या सहाव्या आवृत्तीने २०१६ मध्ये दिले. तेथे इंडेंटला अर्थ दिलेला नाही, परंतु ते रचनेशी विसंगत असल्यास अनुवादक इशारा देतो. पुनरुक्ती कायम ठेवून तिला रक्षक दिला आहे.

दोहोंपैकी कोणते उत्तर ग्राह्य मानावे? येथे आपल्या शास्त्राच्या इतिहासातील एक दाखला उद्‌बोधक ठरतो. पाणिनीच्या व्याकरणात काही सूत्रे पुढील अनेक सूत्रांवर अधिकार चालवतात. अधिकाराची खूण स्वरित स्वराने व्हावी, असे खुद्द पाणिनीनेच पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील अकराव्या सूत्रात सांगितले आहे. म्हणजे कक्षा सांगणारे चिन्ह शब्दांत नव्हते, शब्दांच्या उच्चारात होते. परंपरेने सूत्रपाठ जपला, पण हे स्वरांकन आपल्यापर्यंत पोहोचले नाही. कोठे अधिकार चालू आणि कोठे संपला, हे आता टीकाकारांच्या सांगण्यावरून मान्य करावे लागते. शब्द टिकले आणि चिन्ह गेले, कारण चिन्ह शब्दाचा भाग नव्हते. सीएसव्हीत गळून पडणाऱ्या सेलच्या इंडेंटची कथा याहून फारशी निराळी नाही.

या दाखल्याच्या प्रकाशात पाहता पायथनच्या पद्धतीतील धोका उघड होतो. पत्रातून किंवा छपाईतून जाताना ओळींच्या आरंभीच्या जागा गळाल्या, तर पायथनची आज्ञावली नेहमीच निःसंशय पूर्ववत करता येत नाही. व्हीबीएचे सारे इंडेंट पुसले गेले तरी समाप्तीच्या शब्दांवरून ते पुन्हा उभे करता येते. म्हणून कक्षा शब्दाने सांगावी, जागेने पुन्हा सांगावी आणि दोन्हींचा मेळ तपासणारे कोणीतरी असावे, ही तिसरी अवस्थाच मला सर्वांत समाधानकारक वाटते.

६

इंडेंटमुळे वाचन खरोखर सुलभ होते काय, याचा प्रायोगिक शोधही घेतला गेला आहे. १९८३ साली मियारा, मसलमन, नव्हारो आणि श्नायडरमन यांनी पास्कलमधील एकच आज्ञावली निरनिराळ्या मापांनी आत घेऊन नवशिक्या व अनुभवी वाचकांपुढे ठेवली. दोन ते चार जागांचे इंडेंट आकलनास सर्वांत अनुकूल ठरले. त्याहून अधिकाने लाभ झाला नाही. २०१९ मध्ये बाऊर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेत्रहालचालींच्या नोंदींसह तोच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा इंडेंटच्या मापाचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. २०२३ मध्ये मोर्झेक प्रभृतींच्या जावावरील प्रयोगात मात्र अटींचा प्रवाह वाचताना इंडेंटचा मोठा परिणाम दिसला.

हे निष्कर्ष परस्परविरोधी भासतात, परंतु कामे निराळी होती हे विसरता कामा नये. ज्या वाचनात काही ओळी वगळून पुढे जाता येते, तेथे ‘ही कक्षा मला नको’ हे एका दृष्टिक्षेपात सांगणारे चिन्ह उपयोगी पडणारच. संपूर्ण मजकूर ओळीने वाचावयाचा असेल तर त्याचा लाभ कमी. शिवाय वाचनसुलभता ही सवयीचीही बाब आहे. मोडीचे लेखक आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत, आणि सरावलेला कारकून ते अडखळल्यावाचून वाची. मात्र या प्रयोगांवर माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. त्यांत इंडेंट आहे की नाही आणि किती आहे, एवढेच विचारले आहे. ते खरे आहे की खोटे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नाही. वाचन ज्या चिन्हामुळे जलद होते, त्याच चिन्हामुळे फसगतही जलद होते. कारण वगळून पुढे जाणारा वाचक वगळलेले तपासत नाही. सुलभतेचे माप घेताना विश्वासार्हतेचे माप सोडून देणे हा या अभ्यासांतील अपुरेपणा आहे.

७

येथवरच्या विवेचनातून ‘इंडेंट टाळावे’ असा अर्थ कोणी काढू नये. चार पातळ्यांची उतरंड एका कडेवर लिहिणे हा वाचकावर अन्याय आहे. सांगावयाचे ते इतकेच की, इंडेंट हे मूळ विधान नसून दुय्यम विधान असावे. मूळ विधान अन्यत्र, यंत्राला कळेल अशा रूपात केलेले असावे.

पत्रकाच्या बाबतीत याचा अर्थ असा. पोटप्रकार कोणाचा आहे, हे स्वतंत्र स्तंभात शब्दाने लिहावे. ‘विशेषनाम’च्या शेजारच्या सेलमध्ये ‘नाम’ असे असेल, तर ओळी कशाही लावल्या किंवा पत्रक कोणत्याही स्वरूपात बदलले तरी संबंध टिकतो. इंडेंट मग मांडणीच्या बटणाने द्यावे, स्पेसच्या कळीने कधीही देऊ नये. मूळ नोंदींच्या पत्रकात ते मुळीच नसावे. केवळ छापावयाच्या गोषवाऱ्यात असावे. पोटबेरजा ‘सबटोटल’ने कराव्यात आणि अखेरची बेरीज मूळ नोंदींच्या संख्येशी ताडून पाहावी.

मॅक्रोच्या बाबतीत, अधोरेषेने मोडलेला एकओळी ‘जर’ वर्ज्य मानावा आणि अट कितीही लहान असली तरी समाप्तीचा शब्द लिहावा. इंडेंट शक्यतो हाताने न देता रचना वाचून देणाऱ्या साधनाकडून द्यावे. म्हणजे ते लेखकाच्या मनातील रचनेचे नव्हे, तर प्रत्यक्ष लिहिलेल्या रचनेचे चित्र होईल. वरील उदाहरणातील तिसरी ओळ अशा साधनाने आपोआप कडेला आणली असती आणि चूक उघडी पडली असती. दुसऱ्याकडून मिळालेली मॅक्रो वाचण्यापूर्वीही हेच करावे.

शेवटी विभागातील सहकाऱ्यांपुढे एक सूचना ठेवतो. ज्या प्रबंधाचे निष्कर्ष मोजणीवर उभे आहेत, त्याबरोबर मूळ नोंदींचे पत्रक आणि मॅक्रो ही दोन्ही सादर करण्याचा आग्रह आपण धरावा, आणि परीक्षकाने निदान एक आकडा स्वतः मोजून पाहावा. विशेषनामांवरील तो परिच्छेद आम्ही वेळीच काढून टाकू शकलो, याचे श्रेय एका बेरजेला आहे. तक्ता नीटनेटका होता म्हणून मी ती बेरीज आधी करून पाहिली नव्हती.